परमुलखातील अन्न आणि प्रसादभाव



परमुलखात गेल्यावर तिथले अन्न आवडीने खावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता जिभेचा वाटतो. जिभेला रुचेल ते खावे, पोटाला सोसेल तेवढे खावे आणि विषय संपवावा, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या धर्माने अन्नाला प्रसादाची पदवी दिली, त्यांना हा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडवता येत नाही. काय खाल्ले एवढेच आपल्याकडे विचारले जात नाही. कोणाच्या हातून घेतले, कसे घेतले आणि घेताना मन कुठे होते, हेही विचारले जाते.

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न फार थोड्यांना पडत असे. आज बेळगाव, निपाणी, हैदराबाद, इंदूर, बडोदे, कुठल्याही गल्लीत पाहावे, एखाद्या घरातला मुलगा आखातात असतो, मुलगी अमेरिकेत वा जर्मनीत असते. आई-वडील पाच-सहा महिने तिकडे राहून येतात. सहलीबरोबर पंधरा दिवसांत चार देश पाहून येणारे वेगळेच. परत आल्यावर शेजारीपाजारी हमखास विचारतात, 'खाण्यापिण्याचे कसे केलेत?' याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक जण सांगतो, 'आम्ही तिथले काही तोंडाला लावले नाही. चटणी, कडक भाकरी, लाडू, सगळे घरून नेले होते.' दुसरा सांगतो, 'मी तर काही म्हणता काही सोडले नाही. समोर येईल ते खाल्ले, मिळेल ते प्यायलो.' दोघांच्याही बोलण्यात थोडा अभिमान असतो. आणि दोन्ही उत्तरांत एक माणूस कुठेच नसतो. ज्याने ते अन्न रांधले, वाढले, तो माणूस.

हल्ली काही सहलींबरोबर मराठी आचारीही जातो. युरोपातल्या हॉटेलात वरण-भात मिळतो, याचीच जाहिरात असते. वृद्धांचे पोट नाजूक असते, मधुमेह, रक्तदाब पाठीशी असतात, हे खरे. त्यांना कोणी दोष देऊ नये. पण धडधाकट माणूस हजारो मैल जाऊन, तिथले डोंगर पाहून, देवळे पाहून, माणसांच्या हातचे मात्र काही न घेता परत येत असेल, तर तो त्या मुलखात खरोखर गेला होता का, हा प्रश्न उरतोच.

पदार्थ आणि प्रसाद

वचनसाहित्यात 'पदार्थ' आणि 'प्रसाद' हे शब्द जोडीने येतात. ताटात आहे तोवर तो पदार्थ. अर्पण होऊन कृतज्ञतेने स्वीकारला गेला की तोच प्रसाद. धान्य तेच, मीठ-मिरची तीच. पालट होतो तो घेणाऱ्यात. म्हणून प्रसाद ही काही विशिष्ट पाककृती नव्हे. अमुक धान्याचा प्रसाद होतो आणि तमुक धान्याचा होत नाही, असे शरणांनी कुठे ठरवून दिलेले नाही. मादार चेन्नय्याची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. चोळ राजाच्या पदरी घोड्यांसाठी गवत कापणारा हा गरीब भक्त. राजाच्या पक्वान्नांचा नैवेद्य तसाच राहिला आणि शिवाने चेन्नय्याची आंबील आवडीने घेतली, असे ती कथा सांगते. अन्नाची प्रत रांधणाऱ्याच्या भावावरून ठरते, हे तिचे सार.

आता षट्स्थलाचा क्रम डोळ्यांसमोर आणावा. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य. भक्तस्थलातली भक्ती श्रद्धेची, महेशस्थलातली निष्ठेची आणि प्रसादीस्थलातली अवधानाची. निष्ठा म्हणजे 'हे मी करणार नाही' असे ठामपणे म्हणता येणे. अवधान म्हणजे जे घेतो आहोत त्याकडे पूर्ण लक्ष असणे. हा क्रम उगाच लावलेला नाही. निष्ठेवाचून अवधान म्हणजे नुसता चोखंदळपणा. अवधानावाचून निष्ठा म्हणजे नुसता हट्ट. परदेशी जाऊन 'काही तोंडाला लावले नाही' म्हणणारा दुसऱ्या पायरीवर बसून राहिला. 'काही सोडले नाही' म्हणणारा दुसरी पायरी वगळून तिसरीवर उडी घेऊ पाहतो. दोघेही प्रसादापर्यंत पोहोचत नाहीत.

कोणी म्हणेल, चव घेणे हेच मुळी वैराग्याच्या विरुद्ध नाही काय? तसे नाही. इष्टलिंगाला रूप अर्पावे, प्राणलिंगाला रुची अर्पावी, भावलिंगाला तृप्ती अर्पावी, असे आपले शास्त्र सांगते. रुची अर्पावयाची तर आधी ती कळली पाहिजे. जो घास डोळे मिटून, नाक मुरडून, कसाबसा गिळला, त्याची कोणती रुची अर्पण करणार? चवीकडे लक्ष देणे म्हणजे चवीच्या आहारी जाणे नव्हे.

एक दूरचा मुलूख

हे सारे तात्त्विक राहू नये म्हणून एका देशाचे उदाहरण घेऊ. अमेरिका-इंग्लंडबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. आपण आफ्रिकेतील इथिओपिया घेऊ. नावाने दूरचा, पण ताटाने आश्चर्य वाटावे इतका जवळचा असा हा देश आहे.

तिथल्या जेवणाचा पाया म्हणजे इंजेरा. टेफ नावाचे एक धान्य आहे, राजगिऱ्यासारखे बारीक, किंबहुना त्याहूनही बारीक. त्याचे पीठ पाण्यात कालवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या गोल तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वरच्या बाजूला जाळी पडते, आंबोळीला पडते तशी. चव आंबूस. ही मोठी पोळी थाळ्यावर अंथरतात आणि तिच्यावरच निरनिराळी कालवणे वाढतात. मसुरीचे तिखट कालवण, वाटाण्याच्या डाळीचे हळद घातलेले सौम्य कालवण, पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची भाजी आणि 'शिरो'. हा शिरो आपला गोड शिरा नव्हे. हरभरा वा बाकल्याच्या पिठाचे, मसाला घालून शिजवलेले हे कालवण म्हणजे थेट आपले पिठले. सभोवती बसलेले सारे त्या एकाच थाळ्यातून, उजव्या हाताने, पोळीचा तुकडा तोडून जेवतात. जेवणाआधी यजमान पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालतो.

आपला माणूस इथे प्रथम कचरतो. एक म्हणजे ताट एकच. दुसरे म्हणजे 'गुर्शा'. यजमान किंवा शेजारी बसलेला माणूस आपल्या हाताने एक मोठा घास बांधतो आणि पाहुण्याच्या तोंडात घालतो. प्रेमाची आणि मानाची ती रीत आहे. आपल्याकडे लग्नात वधूवर एकमेकांना घास भरवतात, आई लेकराला भरवते. परका माणूस प्रौढ पाहुण्याला भरवतो, हे आपल्याला नवे. मनात लगेच शब्द उमटतो, 'उष्टे!'

इथे थांबून विचार करावा. बाराव्या शतकात शरणांनी पाच सूतके नाकारली. जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती. त्यांतले चौथे नीट पाहावे. उच्छिष्टाचा विटाळ आपल्या धर्मात नाही. हात स्वच्छ आहेत का, पाणी उकळलेले आहे का, हे जरूर पाहावे, ते आरोग्याचे काम. पण 'परक्याच्या हातचे' म्हणून जो शहारा येतो, तो धर्मातून आलेला नाही. तो कुठून तरी अंगाला चिकटलेला आहे. घरी पाच सूतके न मानणारा माणूस विमानातून उतरताच त्यांतली दोन पुन्हा मानू लागतो, ही गोष्ट साधी नाही.

व्रत कोणते, सवय कोणती

मग व्रताचे काय? आपण मांस खात नाही, मद्य घेत नाही. इथिओपियात मांस आवडीने खातात, कच्चेही खातात. 'तेज' नावाची मधाची दारू आणि 'तेल्ला' नावाची धान्याची घरगुती दारू सणासमारंभात पाहुण्यापुढे येते. इथे आपल्या माणसाने काय करावे?

याचे उत्तर त्याच देशात आहे. तिथल्या प्राचीन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे लोक उपवासाचे दिवस फार कडक पाळतात. त्या दिवशी मांस नाही, अंडे नाही, दूध नाही, लोणीही नाही. दर बुधवार आणि शुक्रवार उपवासाचा. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा. सारे मिळून सामान्य भाविकाला वर्षातले सुमारे १८० दिवस होतात, धर्मगुरूंना त्याहूनही अधिक. आपण दूध-तूप घेतो, ते त्या दिवशी तेही घेत नाहीत. त्यांचा उपवास आपल्या रोजच्या जेवणाहून कडक आहे! म्हणून तिथे 'त्सोम' हा एक शब्द शिकून घ्यावा. त्सोम म्हणजे उपवास. उपवासाचे मिश्र ताट बुधवारी, शुक्रवारी जवळजवळ कुठल्याही खाणावळीत मिळते, आणि ते मागताना लाजावे लागत नाही, समजावत बसावे लागत नाही. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस मात्र त्यांचा बुध-शुक्रचा उपवास नसतो. त्या काळात जाणाऱ्याने अधिक चौकशी करावी.

आणखी एक. तिथले ख्रिस्ती आणि मुसलमान परंपरेने एकमेकांच्या हातचे कापलेले मांस खात नाहीत. शेजारी राहतात, एकमेकांच्या सुखदुःखात जातात आणि मांसाची व्यवस्था वेगळी ठेवतात. म्हणजे 'हे मला चालत नाही' या वाक्याचा तिथे राग येत नाही. पाहुण्याला एखादे बंधन असणे ही तिथे ओळखीची गोष्ट आहे. मद्याचेही तसेच. न आंबवलेले मधाचे पाणी, 'बिर्झ', तिथे प्यायले जाते. जवसाचे पेय आहे. भाजलेल्या जवाच्या पिठाचा 'बेसो' आहे, आपल्या सातूच्या पिठाचाच भाऊ. पेला नाकारायचा असेल तर पंगत नाकारण्याची गरज नाही.

यातून एक सर्वसाधारण मार्ग सापडतो. जगात असा मुलूख विरळा की जिथे व्रतस्थ माणसे नाहीत. आपण जे सोडले ते सोडणारे कोणीतरी तिथेही असतात, आणि त्यांचे स्वयंपाकघर हेही त्या मुलखाचेच स्वयंपाकघर असते. जपानचे उदाहरण घ्या. तिथे साध्या दिसणाऱ्या सारातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. भाजीच्या वाटीतही तो असू शकतो. शाकाहारी माणूस तिथे गोंधळून जातो. पण बौद्ध मंदिरांत 'शोजिन र्योरी' नावाची शतकानुशतकांची निरामिष पाकपरंपरा आहे. तिथे सार समुद्रातल्या कोम्बू वनस्पतीचे आणि सुक्या अळंब्यांचे करतात. कोयासानच्या मठांत उतरणाऱ्या यात्रेकरूंना तेच जेवण मिळते. ते जपानी नाही असे कोण म्हणेल? परदेशात आपली डाळ-भाजी शोधत फिरण्याऐवजी तिथल्या व्रतस्थांची चूल शोधावी. व्रत राहते आणि ओळखही होते.

व्रताचा अर्थ कोणी आणि केव्हा लावायचा, याचा मोठा धडा महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. १८८८ साली विलायतेला निघताना त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर, आईच्या समाधानासाठी, मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली. लंडनमध्ये उपासमार झाली, मित्रांनी आग्रह केला, अशिक्षित आईपुढची शपथ कसली, असाही युक्तिवाद झाला. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली, तेव्हा कुठे पोटभर जेवण मिळाले. मग प्रश्न आला अंड्याचा. तिथल्या शाकाहारी मंडळींत मांसाच्या निरनिराळ्या व्याख्या होत्या, काहींनुसार अंडे चालत होते. गांधींनी विचार केला की शपथ देणाऱ्या आईच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच मला बांधील आहे. त्यांनी अंडी सोडली आणि अंडी घातलेले गोड पदार्थही सोडले. पण त्याच काळात घरून येणारी मिठाई आणि मसाले यांची ओढही त्यांनी सोडली आणि पूर्वी बेचव वाटलेली नुसती उकडलेली भाजी ते आवडीने खाऊ लागले. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असा अनुभव त्यांनी नोंदवला.

ही दोन कामे त्यांनी एकाच वेळी केली, हे पाहण्यासारखे आहे. व्रत अधिक घट्ट केले आणि सवय सैल केली. आपण बहुधा उलटे करतो. घरच्या लोणच्याशिवाय घास उतरत नाही, ही सवय. तिला आपण 'आमच्यात चालत नाही' असे व्रताचे नाव देतो. आणि विमानात कोणी पाहत नाही म्हणून पेला उचलतो, तेव्हा व्रताला सवयीचे नाव देतो, 'घरी पाळायचे असते ते.' निघण्यापूर्वीच शांतपणे बसून ठरवावे की माझे व्रत नेमके कोणते. मांसापुरते आहे, अंड्यापर्यंत आहे, की मांस शिजलेल्या भांड्यापर्यंत आहे? प्रत्येकाची रेषा वेगळी असू शकते. ज्याची रेषा भांड्यापर्यंत जाते त्याने ती तिथवर पाळावी. मात्र ते बंधन आपल्यावरचे आहे, यजमानावरचा ठपका नव्हे, हे विसरू नये. रेषा घरी आखलेली असली की परक्या ताटासमोर कपाळाला आठी पडत नाही. 'एवढे मला चालत नाही, बाकी सारे आनंदाने घेईन' असे हसून सांगता येते. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच पाळला पाहिजे.

आपले म्हणजे कोणाचे?

'आपले अन्न ते आपले' असे म्हणताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण अभिमानाने जिचे नाव घेतो ती ज्वारीची भाकरी मूळची कुठली? शास्त्रज्ञांच्या शोधानुसार ज्वारीची लागवड सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या पूर्व सुदानच्या प्रदेशात, म्हणजे इथिओपियाच्या शेजारी, सुरू झाली. आपल्याकडे ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पोहोचली. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. आणि कारळे, ज्यांना काही भागांत खुरासणी म्हणतात आणि कानडीत गुरेळ्ळू म्हणतात, त्यांचे तर माहेरच इथिओपिया. तिथे त्यांना 'नूग' म्हणतात आणि त्यांचे तेल रोजच्या स्वयंपाकात वापरतात. म्हणजे बेळगाव भागातला माणूस 'तिथले काही खायला नको' म्हणून कारळ्यांची चटणी डब्यात भरून इथिओपियाला नेतो, तेव्हा तो लेकीला तिच्या माहेरी नेत असतो!

त्या चटणीतली मिरची दक्षिण व मध्य अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आलेली. शेंगदाणा आणि बटाटाही तिकडचेच. इथिओपियाच्या तिखट मसाल्यातली मिरचीही त्याच वाटेने जगभर पसरलेली. कॉफीचे रानटी झाड नैर्ऋत्य इथिओपियाच्या जंगलातले. येमेनमधून तिचे दाणे बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात चिकमंगळूरच्या डोंगरावर आणले, अशी कर्नाटकातली परंपरा सांगते. माणसेही या वाटेने आली, आणि सगळी आपल्या इच्छेने नव्हे. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथिओपियातलाच. तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० साली त्याने खडकी वसवली. हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या रानांत राहणारे सिद्दी बांधवही आफ्रिकेतून आलेल्यांचेच वंशज.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अमेरिकेतून आलेली लाल 'मिलो' ज्वारी लोकांनी खाल्ली. आफ्रिकेत जन्मलेले धान्य अमेरिकेला जाऊन आपल्या चुलीवर परत आले. पोटात भूक होती तेव्हा ती कोणत्या मुलखाची, हे कोणी विचारले नाही. आपले इंदूरचे मराठी बांधव पोह्यांवर शेव घालून सोबत जिलेबी घेतात, बडोद्याची शेव-उसळ मराठी आणि गुजराती दोघांनाही आपली वाटते. त्या घरांतल्या आजी-पणजीने शेजारणीच्या हातचे चाखले, म्हणून हे झाले. परके अन्न घेऊन घर बाटले नाही. घर त्या गावचे झाले.

घेण्याची मर्यादा

मात्र आता दुसऱ्या प्रवाशाकडे वळले पाहिजे, ज्याने 'काही सोडले नाही'. हा प्रवासी दिवसेंदिवस वाढतो आहे. ताट समोर आले की आधी त्याचे छायाचित्र, मग दोन घास, मग पुढचे दुकान. किती देशांचे किती पदार्थ खाल्ले याची त्याच्याजवळ यादी असते. त्याची जीभ पुष्कळ फिरली, मन घरीच राहिले. अवधान इथेही नाही.

इथिओपियात कॉफी कशी देतात ते पाहावे. घरातली स्त्री जमिनीवर हिरवे गवत पसरते, धूप लावते, कच्चे दाणे धुते, पाहुण्यांसमोर भाजते, त्याचा सुगंधी धूर प्रत्येकाकडे नेते. मग कुटून, मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळून, लहान कपांतून देते. सोबत भाजलेले जव वा मक्याच्या लाह्या. एकदा नव्हे, तीनदा. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका, म्हणजे आशीर्वाद. प्रत्येक वेळी कॉफी पातळ होत जाते. नुसत्या चवीने पाहिले तर पहिलीच उत्तम. पण पहिला कप पिऊन उठणे तिथे बरे दिसत नाही. आशीर्वाद तिसऱ्या कपात आहे, आणि तो तास-दीड तास बसणाऱ्यालाच मिळतो. घाईत सगळे चाखणाऱ्याला सर्वांत चांगली कॉफी मिळते आणि जे खरे द्यायचे होते ते मिळत नाही.

चवीची ओढ आवरली नाही तर ती मालकीची ओढ होते, याचेही उदाहरण याच देशात आहे. टेफची कीर्ती परदेशात पसरली आणि एका युरोपीय कंपनीने टेफच्या पिठावर पेटंट मिळवले. हजारो वर्षे ते पीठ दळणाऱ्या बायकांना त्यात काही स्थान नव्हते. नेदरलँड्समधील न्यायालयाने पुढे ते पेटंट तिथे रद्द ठरवले. घरच्या बाजारात टेफ महाग होऊ नये म्हणून इथिओपियाच्या सरकारने २००६ च्या सुमारास कच्च्या टेफच्या निर्यातीवर बंदी घातली, ती पुढे काही अंशी सैल केली. ज्या देशात १९८३ ते १९८५ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून गेली, तिथल्या थाळ्यात पाहुण्याने अर्धे टाकून उठावे, हे कोणत्या धर्मात बसते?

आयदक्की लक्कम्मेची गोष्ट इथे आठवावी. पती मारय्या रस्त्यावर सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणीत असे, हेच त्याचे कायक आणि त्यातूनच दासोह. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मेने ते परत टाकून यायला सांगितले. गरजेपेक्षा अधिक घेणे तिला मान्य नव्हते, मग ते दानासाठी का असेना. प्रवाशाला याहून चांगला उपदेश कोणता? घ्यावे, आनंदाने घ्यावे, पण आपल्या भुकेएवढे घ्यावे. आणि त्याचे योग्य मोल द्यावे. गरीब खाणावळवालीशी चार पैशांसाठी घासाघीस करून वाचवलेल्या पैशांत पुण्य नाही.

दासोहाची दुसरी बाजू

आपण दासोहाबद्दल बोलतो तेव्हा देण्याबद्दल बोलतो. मठात अन्न शिजते, पंगत बसते, वाढणारा धावतो. पण पंगतीत कोणी बसलेच नाही तर वाढणारा काय करील? घेणाराही दासोहाचा भाग आहे. आपली जंगम परंपरा हे जाणून होती. जंगम म्हणजे चालता, फिरता. आज या गावी, उद्या त्या गावी, झोळीत जे पडेल ते घेणारा. जंगमाने भिक्षा स्वीकारणे हा भक्ताचा मान समजला गेला. परदेशी गेलेला प्रत्येक जण, थोडा वेळ का होईना, त्या भूमिकेत असतो. त्याच्याजवळ तिथे घर नाही, चूल नाही. दुसऱ्याच्या दारात तो उभा आहे. घरी नेहमी देणारा असलेल्या माणसाला ही भूमिका अवघड जाते. त्याला देता येते, घेता येत नाही. तो डबा उघडून बसतो आणि म्हणतो, 'तुम्ही आमची चटणी खाऊन पाहा.' खाऊ घालण्यात आपण वर असतो, खाण्यात बरोबरीला येतो. आणि बरोबरीला येणे अभिमानाला मानवत नाही.

हे केवळ सहलीचे प्रकरण नाही. आज आपल्या कितीतरी घरांत परदेशी सून वा जावई आहे. त्यांच्या आई-वडिलांच्या घरी आपले वडीलधारे प्रथमच जेवायला जातात. तिकडच्या बाईने दोन दिवस आधीपासून विचारून, वाचून, मांस-मासे वगळून काहीतरी रांधलेले असते. चव अनोळखी असते. मीठ कमी, तिखट नाही, वरून कसलातरी उग्र वासाचा पाला. अशा वेळी 'माझे पोट बरे नाही' म्हणून पिशवीतली दशमी काढणे फार सोपे असते. पण त्या एका क्षणावर दोन घरांचे पुढचे वीस वर्षांचे नाते ठरते. नातवंडे ते पाहत असतात. आजीने त्या दुसऱ्या आजीच्या हातचे खाल्ले की नाही, यावरून त्यांना कळते की आपल्या रक्तातला कोणता अर्धा भाग आजीला आपला वाटतो.

म्हणून निघताना सामानात औषधे ठेवावीत, प्रवासापुरता फराळही ठेवावा. व्रत कोणते ते स्पष्ट ठरवावे आणि ते कुठेही, कोणी पाहत असो वा नसो, ढळू देऊ नये. तिथली दोन-चार वाक्ये शिकून घ्यावीत. 'हे मला चालत नाही' हे एक आणि 'हे फार छान झाले आहे' हे दुसरे. ताट समोर आले की घरी करतो तसेच क्षणभर थांबावे, इष्टलिंगाचे स्मरण करावे, रांधणाऱ्या हातांकडे पाहावे, रूप पाहावे, रुची ओळखावी, आणि भुकेएवढे घेऊन तृप्त व्हावे. तिथे प्रसाद आपण बरोबर घेऊन जात नसतो. तो तिथल्या माणसाच्या हातून आपल्याकडे यायचा असतो.

शरणु शरणार्थी.